चंपाच्या कानांचं कारण

चार वाजून वीस मिनिटं झाली तरी केशवराव आले नव्हते. दीड वर्षात असं एकदाही झालं नव्हतं. उलट पावणेचारलाच फाटकाची कडी वाजायची आणि मागोमाग "आलो जी" अशी हाक यायची. आज टेबलावर नकाशा पसरलेला होता, फासे मांडलेले होते, भाजलेल्या शेंगांची परडी भरलेली होती आणि त्यांची खुर्ची रिकामी होती.

"झोपले असतील," हर्षित शेंग फोडत म्हणाला. "संडे आहे, थंडी आहे."

"केशवराव दुपारी झोपत नाहीत," उत्तराताई म्हणाल्या आणि पुन्हा एकदा खिडकीशी जाऊन आल्या.

नंदनवन वस्तीतलं हे दोन मजली घर उत्तराताईंनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं. अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात नोकरी झाली होती. लग्न केलं नाही. काहून नाही केलं, असं विचारणारे नातेवाईक एकेक करून थकले आणि मग विचारायचे थांबले. आता वय चौसष्ट. वरच्या मजल्यावर उमरेडची मयुरा भाड्यानं राहायची. कॉम्प्युटरवरची नोकरी आणि डोक्यात सदा गोष्टी, अशी पोरगी. रविवारचा हा खेळ तिनंच या घरात आणला.

खेळ बसून खेळायचा. त्यात प्रत्येकानं एक माणूस मनानं घडवायचा. त्याचं नाव, त्याचं बळ, त्याचं वैगुण्य, सगळं एका कागदावर लिहायचं. मयुरा सूत्रधार. ती सांगायची, तुम्ही अमुक किल्ल्याच्या दाराशी उभे आहात, आतून धूर येतोय, काय करता? मग ज्यानं त्यानं आपल्या माणसाच्या तोंडून बोलायचं, त्याच्या पायांनी चालायचं. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट पुढं जाते, एवढंच. मयुराचे जुने सोबती नोकरीपायी पुण्याला गेले, ऑफिसातला हर्षित तेवढा उरला. तेव्हा तिनं घरमालकिणीला गळ घातली आणि घरमालकिणीनं मागच्या गल्लीतल्या केशवरावांना.

केशवराव मूळचे कुहीकडचे, धानाच्या गावातले. पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात पस्तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेले. बायको जया चार वर्षांपूर्वी गेली, मुलगा कॅनडात. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "मले काय समजते त्यातलं? मी बसतो, पाहतो." तिसऱ्या रविवारी ते स्वतःच्या हातानं काढलेला किल्ल्याचा नकाशा घेऊन आले.

मयुराचा एक नियम मात्र कडक होता. कागदावर ताकद लिहायची तर तिचं कारण द्यायचं. नुसतं 'याला अंधारात दिसतं' चालायचं नाही. का दिसतं? कधीपासून? त्यासाठी काय गेलं? हर्षितनं लिहिलं होतं की त्याचा पैलवान म्हैस उचलतो. कारण विचारलं तर म्हणाला, "जिम." मयुरानं सरळ रेघ मारली. पुढच्या रविवारी त्यानं सांगितलं की पैलवानाचा धाकटा भाऊ पायानं अधू होता, त्याला बारा वर्षं खांद्यावर बसवून शाळेत नेलं. भाऊ वाढत गेला तसतसा खांदाही वाढत गेला. मयुरानं ते लिहून घेतलं.

केशवरावांचा माणूस कधी वाट चुकत नसे. त्यांचं कारण तयार होतं. "लहानपणी यात्रेत मायबापापासून सुटला होता. बैलाची शेपटी धरून घरी आला. बैल रस्ता डोळ्यानं नाही पाहत, पायानं पाहते. तवापासून यालेबी पायानं दिसते."

उत्तराताईंनी घडवली चंपा. नगराच्या वेशीवरची राखणदारीण. दूरदूरचे निरोप तांब्याच्या नळ्यांमधून तिच्यापर्यंत यायचे आणि ते तिनं पुढच्या नळीत सांगायचे. तिची ताकद अशी की बोलणाऱ्याचे शब्द त्याचे स्वतःचे आहेत की दुसऱ्यानं त्याच्या तोंडात घातलेत, हे तिला ऐकताक्षणी कळायचं.

"कारण?" मयुरानं विचारलं.

"देवीनं दिलं."

"देवीला कामाला लावायचं नाही, मावशी. तिला काहीतरी झालं असेल. काय झालं?"

उत्तराताईंनी आठवडा मागून घेतला. पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं. चंपा तरुण असताना एका नळीतून दर मंगळवारी एका मुलीचा आवाज यायचा, लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीचा. तीच तीन वाक्यं, त्याच क्रमानं. मी मजेत आहे. काळजी करू नका. इथे सगळे चांगले आहेत. आणि दर वाक्याआधी कोणाचं तरी बारीक खाकरणं. चंपाला कळलं होतं की मुलगी बोलत नाहीये, तिच्याकडून बोलवून घेतलं जातंय. पण तिचं काम निरोप पुढं देण्याचं होतं. तिनं तो दिला. पाच मंगळवार दिला. सहाव्या मंगळवारी नळी गप्प होती. तेव्हापासून चंपाचे कान तसे झाले, मिटता न येणारे.

सांगून झालं. मयुरानं कागदावर काही लिहिलं नाही. त्या संध्याकाळी निघताना केशवराव फाटकाशी थांबले.

"ताई, ते चंपाचं नव्हतं."

"थंडी वाढली. चला तुम्ही," उत्तराताई म्हणाल्या आणि त्यांनी कडी लावली.

खरोखरच ते चंपाचं नव्हतं. सन शहाऐंशीत उत्तरा पंचवीस वर्षांची होती आणि ट्रंक एक्स्चेंजच्या हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून बसायची. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी नोंदवावा लागे आणि ऑपरेटर तो जोडून देई. कळ पुढं ढकलली की ऑपरेटरला दोन्हीकडचं ऐकू यायचं. लाइन चालू आहे की तुटली, एवढं बघण्यापुरतीच ती मुभा. इंदूरहून सावनेरला जाणारा तो कॉल दर मंगळवारी तिच्या बोर्डावर यायचा. चौथ्या खेपेला तिनं सुपरवायझरबाईंना सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "आपलं काम जोडायचं. ऐकलंस हे कोणाला कळलं तर नोकरी जाईल तुझी." मुलीच्या बापाचा नंबर उत्तराच्या समोर कॉल नोंदवायच्या तिकिटावर लिहिलेला होता. बाहेरच्या बूथवरून एक फोन करायचा होता. तिनं केला नाही. सहाव्या आठवड्यात मंगळवारी काही आलं नाही. गुरुवारी त्याच नंबरावरून तातडीचा कॉल आला, पुरुषाचा आवाज. तिनं जोडून दिला. सावनेरच्या बाजूनं एक ओरडणं ऐकू आलं आणि तिनं कळ मागे ओढून घेतली. हे तिनं कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. खेळाच्या टेबलावर चंपाच्या नावानं बाहेर पडलं, ते पहिल्यांदा.

तर या रविवारी केशवराव आले नाहीत. उत्तराताईंनी मोबाइल लावला. व्यस्त. दहा मिनिटांनी पुन्हा, पुन्हा व्यस्त. तेवढ्यात खेळाच्या ग्रुपवर मेसेज आला: आज येणार नाही. तब्येत बरी नाही.

"बघा," हर्षित म्हणाला. "आराम करू द्या त्यांना."

"त्यांनी टाइप केलं?" उत्तराताईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "त्यांना टाइप करायचा कंटाळा. ते नेहमी बोलून पाठवतात."

केशवरावांच्या घरी जुना लँडलाइन अजून होता. उत्तराताईंनीच तो काढू दिला नव्हता. नंबर तोंडपाठ होता. बारा-चौदा घंटा वाजल्यावर कोणीतरी उचलला.

"हॅलो. हो, मी ठीक आहे. मला थोडं काम आहे. आपण नंतर बोलू."

फोन बंद झाला. उत्तराताई रिसीव्हर धरून तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं, मावशी?" मयुरानं विचारलं.

"ते 'मला' म्हणाले."

"मग?"

"केशवराव 'मले' म्हणतात. माझ्याशी, तुझ्याशी, दूधवाल्याशी. पस्तीस वर्षं नोकरी केली, 'मला' फक्त साहेबासमोर म्हणायचे. त्यांनीच सांगितलंय, साहेबाच्या केबिनमध्ये गेलं की जीभ आपोआप सरळ होते म्हणून." त्यांनी रिसीव्हर ठेवला. "त्यांच्यासमोर कोणी साहेब बसलाय. आणि काय बोलायचं ते तो सांगतोय."

हर्षित हसला, पण जपून. "मावशी, ही चंपाची पॉवर आहे. आपली नाही."

मयुरा हसली नाही. ती उत्तराताईंच्या तोंडाकडे बघत होती. "मावशी, चंपाचं ते कारण... खरं होतं का?"

"चप्पल घाल," उत्तराताई म्हणाल्या.

मागची गल्ली म्हणजे पाच मिनिटांची वाट. त्या दिवशी उत्तराताईंना ती संपता संपेना. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी बाई कठड्याला धरून तिसऱ्या मजल्यावर चढली. केशवरावांच्या दाराच्या कडीत सकाळचा पेपर तसाच होता. शेजारी पिशवीत दुधाचं पाकीट लोंबत होतं, फुगलेलं. जिन्याकडच्या खिडकीचे पडदे ओढलेले. बेल दाबली. आत काहीच हाललं नाही. उत्तराताईंनी दाराला कान लावला.

आत कोणीतरी हिंदीत बोलत होतं. "नजर कैमरे पर रखिए। उठने की परमिशन किसने दी?"

आणि केशवरावांचा आवाज, लहान मुलासारखा: "नहीं सर। बैठा हूं सर।"

हर्षितचा चेहरा पालटला. त्यानं हे पेपरात वाचलं होतं. "मावशी, डिजिटल अरेस्ट! फ्रॉड आहे हे. पोलिसांच्या वर्दीत बसतात, व्हिडिओ कॉलवर माणसाला घरातच डांबून ठेवतात. तुमच्या नावानं पार्सल पकडलं, तुमच्यावर केस आहे, कोणाला सांगितलं तर जेल. असा काही कायदाच नाही." आणि तो दोन्ही मुठींनी दारावर धडका मारू लागला. "काका! खोटं आहे! फोन कट करा, काका!"

मग तो आवाज चढला. "कौन है दरवाजे पर? आपने किसी को बताया?"

"कोई नहीं सर। गलत घर आया है सर।"

लगेच दारापाशी सपातांची फरफट झाली. उत्तराताईंना वाटलं, उघडतायत. पण वरचा बोल्ट सरकला, मग खालचा. केशवरावांनी दार अजून पक्कं केलं होतं.

"तू खाली जा," उत्तराताईंनी हर्षितला मागे ओढलं. "पोलिसांना फोन कर. खऱ्या. तुझ्या ओरडण्यानं ते जास्त घाबरतायत."

हर्षित दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. खालून त्याचं घाईघाईनं पत्ता सांगणं ऐकू येत होतं. मग त्यानं वर बघून हातानं खूण केली, वीस मिनिटं. आत तो साहेब आता थंड आवाजात बोलत होता. आता दुसरं कलम लागणार, आता मुलाचा पासपोर्ट अडकणार, आता टीम निघाली. मधूनमधून केशवरावांचा नुसता श्वास ऐकू यायचा, भात्यासारखा.

"काकांना बीपी आहे," मयुरा कुजबुजली. "गोळी घेतली असेल का त्यांनी?"

वीस मिनिटं. उत्तराताईंनी डोळे मिटले. खोटं आहे, खोटं आहे, असं ओरडून उपयोग नव्हता. भ्यालेल्या माणसाला खरं सांगणारा आणि खोटं सांगणारा सारखाच भिववतो. त्या दाराच्या फटीशी तोंड नेऊन, फोनवर बोलायच्या त्या जुन्या, सपाट, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "केशवराव, मी उत्तरा. मी तुम्हाला बाहेर बोलवत नाहीये. मला आत घ्या. त्यांना सांगा, मलाही अटक करा म्हणावं. मी तुमच्याजवळ बसते."

आत सपाता थांबल्या.

"ताई, जा तुमी." आवाज दाराला अगदी चिकटून आला. "तुमालेबी बसवतील. मी कोणाले फसू देत नाही यात."

"बसवू द्या. मला घरी काय काम आहे?"

मयुरानं उत्तराताईंचा दंड घट्ट धरला होता, नखं रुतत होती. मग खालचा बोल्ट सरकला. मग वरचा.

केशवरावांच्या अंगात पांढरा शर्ट होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, ऑफिसला जात तसा. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे सुजून लाल. शनिवारी सकाळी दहाला फोन आला होता, तेव्हापासून तीस तास ते कॅमेऱ्यासमोर होते. संडासला जायचं तरी मोबाइल सोबत. रात्री खुर्चीतच मान टाकलेली. टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा होता. पडद्यावर खाकी वर्दीतला, कोरीव मिशांचा एक माणूस, मागे निळा पडदा.

"मैडम, आप कौन? नाम बताइए। बैठिए, फ्रेम में बैठिए।"

उत्तराताईंनी नाव सांगितलं आणि निमूटपणे केशवरावांच्या शेजारी बसल्या. मयुरा दारातच थांबली. तो माणूस बोलू लागला: कलमं, सजा, कोर्ट. उत्तराताईंनी त्याचं एक अक्षर ऐकलं नाही. त्या त्याच्या मागचं ऐकत होत्या.

पोलीस ठाण्याचा असा आवाज नसतो. तिथं खुर्च्या ओढल्या जातात, कोणी भांडतं, बाहेर गाड्या असतात. इथं मागे एक सलग गुणगुण होती, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ उभं राहिल्यासारखी. वीस-पंचवीस माणसं एका छताखाली, प्रत्येक जण आपापल्या माइकमध्ये, एकमेकांचं ऐकू नये म्हणून आवाज दाबून बोलतोय. उत्तराताई या आवाजात वर्षानुवर्षं बसल्या होत्या. मागून बुटांचा आवाजही येत होता. बूट यायचे, थांबायचे, पुढं जायचे. बूट मागे थांबले की वर्दीवाल्याचा आवाज चढायचा. पुढं गेले की उतरायचा. सुपरवायझर पाठीशी उभी राहिली की ऑपरेटरचं असंच व्हायचं.

त्यांनी टेबलाखालून केशवरावांचं मनगट धरलं. नाडी उडत होती.

"त्याचं ऐकू नका," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "त्याच्या मागचं ऐका."

"ताई, ते पाहून राहिले..."

"पाहू द्या. त्याच्या डाव्या हाताला एक पोरगा आहे, बारीक आवाजाचा. ऐकू येतोय? आत्ता तो 'पार्सल' म्हणेल."

वर्दीवाला दम घ्यायला थांबला. त्या फटीतून, लांबून, स्पष्ट आलं: "...आपके नाम का पार्सल..."

केशवरावांचं मनगट दगडासारखं झालं.

"आता एक बाई आहे, लांब. म्हातारीशी बोलतेय. 'माताजी' म्हणतेय."

केशवरावांनी मान किंचित पुढं केली. नकाशावरची बारीक रेघ बघताना करायचे तशी. पुन्हा वर्दीवाला थांबला. पुन्हा ती गुणगुण वर आली. "नजर कैमरे पर रखिए, माताजी।"

"ताई," केशवराव पुटपुटले. "ते दुसऱ्यालेबी हेच सांगून राहिले."

"हो."

"मंग मी..."

"ये क्या बात हो रही है?" वर्दीवाला ओरडला. "मैडम, आप पर भी केस बनेगा! अभी टीम आपके गेट पर है!"

दारात मयुरानं तोंडावर हात दाबला. खाली खरंच एक गाडी थांबली होती. क्षणभर उत्तराताईंनाही वाटलं, आपलंच चुकलं असेल तर? केशवराव मात्र पडद्याकडे टक लावून बघत होते. तीस तास खाली असलेली नजर त्यांनी पहिल्यांदा वर केली होती. आणि त्यांनी अगदी नम्रपणे, साहेबाला विचारावं तसं विचारलं, "सर, आपके पीछे कौन खडा है?"

वर्दीवाल्यानं मागे वळून पाहिलं.

झर्रकन, अर्धा क्षण. पण पाहिलं. कोरीव मिशांचं तोंड बाजूला झालं आणि मानेवर, वर्दीच्या कॉलरमधून, आतला लाल टी-शर्ट दिसला.

केशवरावांनी बोट पुढं केलं. ते पहिल्यांदा भलतीकडेच पडलं, दुसऱ्यांदा पडद्यावर नुसतं घसरलं. उत्तराताईंचा हात उठला होता, तो त्यांनी मागे घेतला. तिसऱ्यांदा लाल खुणेवर बोट बसलं आणि पडदा काळा झाला.

खाली थांबलेली गाडी भाजीवाल्याची निघाली. पोलीस आणखी पंधरा मिनिटांनी आले, एक महिला अधिकारी आणि एक हवालदार. तेवढ्या वेळात तो मोबाइल सात वेळा वाजला. दर वेळी केशवराव खुर्चीत दचकून ताठ व्हायचे आणि दर वेळी उत्तराताई म्हणायच्या, "वाजू द्या." सोमवारी दहा वाजता बँकेत जायचा हुकूम होता, रविवार मध्ये आला म्हणून सगळं वाचलं. अधिकारीबाईंनी सगळं लिहून घेतलं. उत्तराताईंनी त्यांना पुन्हा पुन्हा बजावून सांगितलं की त्या हॉलमध्ये त्याच वेळी कोणी एक म्हातारी बाई दुसऱ्या फोनवर होती. बाईंनी तेही लिहिलं. "नंबर बंद झालाय आता, मावशी. पण वर कळवतो आम्ही," त्या म्हणाल्या. खोटं बोलत नव्हत्या. पण फार आशा आहे असंही त्यांचा आवाज म्हणत नव्हता.

केशवरावांचा रक्तदाब चढलेला होता. एक रात्र दवाखान्यात काढावी लागली. सकाळी उत्तराताई थर्मासमध्ये चहा घेऊन गेल्या तेव्हा ते छताकडे बघत पडले होते.

"शिकला-सवरला माणूस मी," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं सरकारी कागद पाहिले. एक शिक्का दाखवला आन् शेळीवानी बसलो."

"साहेबाला घाबरायची सवय होती. त्या सवयीचा फायदा घेतला त्यांनी."

केशवराव मान न वळवता म्हणाले, "ताई, ते मंगळवारवाल्या पोरीचं. तुमचंच ना?"

उत्तराताईंनी कपात चहा ओतला. या खेपेला कडी लावायला फाटक नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं: इंदूर, सावनेर, तिकिटावरचा नंबर, गुरुवारचं ओरडणं, मागे ओढलेली कळ.

"तिच्या बापाले फोन नाही केला तुमी."

"नाही केला."

"पण माह्याकडे तर आल्या ना तुमी."

"आले," उत्तराताई म्हणाल्या. "पण त्यानं ते फिटत नाही, केशवराव. ते ते, हे हे." आणि त्यांनी कप त्यांच्या हातात दिला. कित्येक वर्षांनी त्या कोणासमोर रडल्या, आवाज न करता, रुमाल न काढता. केशवरावांनी समजूत घातली नाही. चहा प्यायले आणि रिकामा कप धरून बसून राहिले.

त्यानंतरचे तीन रविवार ते खेळाला आले नाहीत. मोबाइल बदलला, नंबर बदलला, लँडलाइनचा रिसीव्हर काढून ठेवला. जिन्यात कोणी भेटलं तर मान खाली. गल्लीतल्या लोकांनी मिटक्या मारत चौकशा केल्या, तेही त्यांनी मनाला लावून घेतलं. उत्तराताई रोज संध्याकाळी जाऊन पंधरा मिनिटं बसून यायच्या. कधी बोलणं व्हायचं, कधी नाही. रात्री अंथरुणावर पडल्या की त्यांच्या कानात तो हॉल सुरू व्हायचा आणि त्यात कोणीतरी 'माताजी, माताजी' म्हणत राहायचं. त्यावर त्यांच्याकडे काही उपाय नव्हता.

चौथ्या रविवारी मयुरानं कोणालाच विचारलं नाही. नकाशा, फासे, कागद, सगळं पिशवीत भरलं आणि साडेतीनला तिघं केशवरावांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बेल वाजवली. आत सपाता फरफटल्या. दाराच्या भिंगातून कोणीतरी पाहत असल्याचं कळत होतं.

"कोण आहे?"

"आम्ही तिघंच आहोत, काका," मयुरा म्हणाली. "आणि मावशीच्या शेंगा."

दार उघडलं. केशवराव तिघांकडे रागानं बघत होते. "घर आवरलं नाही मी. चहाले दूध नाही."

"मी आणलंय," हर्षितनं पिशवी दाखवली.

टेबल तेच होतं. त्यावरचा तांब्या उत्तराताईंनी उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. लँडलाइनचा रिसीव्हर बाजूला पडलेला दिसला, तो जाता जाता जागेवर ठेवला. केशवरावांनी ते पाहिलं. नकाशा पसरला. मयुरानं गोष्ट उचलली: नदीला पूर आहे, पलीकडच्या काठावर मशाली दिसतायत, नाव एकच आहे. काय करता? केशवराव सुरुवातीला हो-नाहीवर होते. अर्ध्या तासानं त्यांनी पेन्सिल मागितली आणि नदीचं वळण चुकीचं काढलंय म्हणून खोडून नवं काढायला बसले.

तेवढ्यात लँडलाइन वाजला.

पेन्सिल थांबली. दुसरी घंटा, तिसरी. हर्षित उठायला लागला तर उत्तराताईंनी त्याला डोळ्यांनी खाली बसवलं. पाचवी घंटा, सहावी. केशवराव उठले. भिंतीला हात लावत फोनपर्यंत गेले, मग रिसीव्हर कानाला लावला.

"कोण?"

पलीकडून इतका मोठा आवाज आला की सगळ्यांना ऐकू गेला. कुहीहून देवराव, त्यांचा धाकटा भाऊ. नवा तांदूळ निघाला होता. दोन कट्टे घेऊन तो एसटीनं आला होता आणि दिघोरी नाक्यावर उतरून मघापासून फोन लावत होता; मोबाइल लागत नाही, घरचा लागत नाही, दादा जिवंत आहे की नाही, म्हणून रस्त्यावरच शिव्या देत होता.

"तिथंच थांब," केशवराव म्हणाले. "हालू नको गा. आलोच." रिसीव्हर ठेवून ते टेबलाकडे वळले. "दोन कट्टे आहेत म्हणते. एकट्यानं कसा आणीन तो?"

हर्षितनं गाडीची चावी उचलली. मयुरानं वारा लागू नये म्हणून नकाशावर शेंगांची परडी ठेवली आणि उत्तराताई चहाचं आधण वाढवायला आत गेल्या.